जलाशयातील मत्स्यसंख्येची जाळ्यांद्वारे पाहणी

धरणामागील वा तलावातील पाण्यात कोणकोणत्या जातींचे मासे आहेत, ते किती लांबीचे व किती वयाचे आहेत आणि त्यांची संख्या वर्षानुवर्षे वाढत आहे की घटत आहे, हे जाणून घेण्यासाठी ठराविक रचनेची जाळी ठराविक ठिकाणी व ठराविक काळ लावून त्यांत सापडलेल्या माशांची मोजदाद करण्याची पद्धत. हिला चाचणी-मासेमारी असेही म्हणतात. व्यावसायिक मासेमारी व चाचणी-मासेमारी यांत साधन एकच असले, तरी हेतू भिन्न असतो. जास्तीत जास्त मासळी मिळावी म्हणून मच्छीमार आपले जाळे, जागा व वेळ सतत बदलीत असतो. पाहणी करणाऱ्याला मात्र यांतील काहीही बदलता येत नाही. कारण दोन वर्षांच्या पकडींत पडलेला फरक हा माशांच्या संख्येतील फरक आहे, असे म्हणता यावयाचे असेल, तर जाळे व ते लावण्याची रीत ही दोन्ही वर्षी सारखीच असली पाहिजेत.

कुरणातील गुरे वा बागेतील झाडे प्रत्यक्ष मोजता येतात. पाण्यातील मासे तसे मोजता येत नाहीत. त्यामुळे त्यांच्या संख्येविषयीचे प्रत्येक विधान हे पकडीवरून काढलेले अनुमान असते. या अनुमानावर बरेच काही अवलंबून असते. प्रजननाच्या काळात मासेमारी बंद ठेवावी काय, किमान किती मोठ्या आसाच्या (जाळ्यातील छिद्राच्या) जाळ्यांना परवानगी द्यावी, मत्स्यबीज कोणत्या जातीचे व किती सोडावे, हे निर्णय त्यावरून घेतले जातात आणि त्यांचा परिणाम काठावरील मच्छीमार कुटुंबांच्या उपजीविकेवर थेट होतो. अनुमान चुकल्यास एक तर मासळीचा साठा नष्ट होतो, नाही तर विनाकारण लादलेल्या बंदीमुळे लोकांच्या तोंडचा घास जातो. या पद्धतीच्या विकासाचा इतिहास म्हणजे मुख्यतः जाळे किती खरे सांगते व कोठे फसविते, हे ओळखत जाण्याचा इतिहास होय.

जलाशयाचे वेगळेपण : नैसर्गिक सरोवरातील जीवसृष्टी दीर्घ काळात स्थिरावलेली असते. जलाशयात मात्र वाहत्या नदीचे काही महिन्यांत स्थिर पाण्यात रूपांतर होते. वाहत्या पाण्यात अंडी घालणाऱ्या जाती मागे हटतात आणि संथ पाण्यात वाढणाऱ्या जाती पुढे येतात. बुडालेल्या जमिनीतील व वनस्पतींतील पोषकद्रव्ये पाण्यात उतरत असल्याने पहिली काही वर्षे मासळी विपुल मिळते. पुढे ही शिदोरी संपल्यावर उत्पन्न उतरते. शिवाय सिंचन व वीजनिर्मिती यांसाठी पाणी सोडावे लागत असल्याने पातळी दरवर्षी अनेक मीटर खालीवर होते व उथळ काठावर घातलेली अंडी उघडी पडू शकतात. अशा स्थितीत मासळी घटली, तर ती अतिरिक्त मासेमारीमुळे घटली की जलाशयाच्या स्वाभाविक वाटचालीमुळे, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर एकदोन पाहण्यांतून मिळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांची सलग नोंद लागते.

जाळ्यांचे प्रकार : पाहणीसाठी सर्वांत अधिक वापर गिल जाळ्याचा होतो. वरच्या दोराला तरंगे व खालच्या दोराला वजने लावून हे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे केले जाते. मासा आसात डोके घालतो. पुढे जाता येत नाही व मागे सरताना कल्ल्याचे झाकण धाग्यात अडकते. हे जाळे स्वस्त, हलके व कोणत्याही खोलीवर लावता येण्याजोगे असते आणि बुडालेल्या झाडाझुडपांच्या तळावरही काही प्रमाणात वापरता येते. तथापि त्यात अडकलेले बहुतेक मासे मरतात. कड्यांवर ताणलेले सापळा-जाळे काठालगत लावतात. त्यात मासे जिवंत राहत असल्याने खूण करून सोडण्याच्या पद्धतीत ते सोयीचे पडते. कोकणातील रापणीच्या तत्त्वावर काठाकडे ओढावयाचे जाळे लहानमोठे सर्व मासे गोळा करते. परंतु त्यासाठी सपाट व मोकळा तळ लागतो. पाग फेकून उथळ पाण्यातील मासे मिळतात, तर खुल्या पाण्यातील लहान मासे व पिले यांसाठी होडीमागे ओढण्याची बारीक आसाची जाळी वापरतात.

प्रारंभ : मासे मोजण्याच्या शास्त्राचा पाया समुद्रातील मत्स्यसंशोधनात घातला गेला. डॅनिश शास्त्रज्ञ सी. जी. योहानेस पेटरसन यांनी १८९६ मध्ये लिमफ्योर्डमधील प्लेस या चपट्या माशांना खुणेच्या चकत्या लावून सोडण्याचे काम प्रसिद्ध केले. या पद्धतीचे गणित सोपे आहे. समजा, २०० मासे खूण करून पाण्यात सोडले आणि नंतरच्या १५० माशांच्या पकडीत खुणेचे १५ मासे आढळले, तर पकडीतील दहांश मासे खुणेचे आहेत. म्हणून एकूण मासे सुमारे २,००० असावेत. यासाठी खुणेचे मासे इतरांत पूर्णपणे मिसळले पाहिजेत, खुणा गळून पडता कामा नयेत आणि खूण केलेला मासा इतरांइतक्याच सहजतेने पुन्हा सापडला पाहिजे. या अटी क्वचितच पूर्णपणे पाळल्या जातात. झो एमिली श्नाबेल यांनी १९३८ मध्ये सरोवरातील माशांसाठी अनेक वेळा पकडून व खूण करून हिशेब करण्याची रीत मांडली. १९४७ मध्ये डी. बी. डेल्यूरी यांनी दुसऱ्या मार्गाचे गणित मांडले : एकाच ठिकाणी पुनःपुन्हा मासेमारी केल्यास पकड ज्या वेगाने घटत जाते, त्यावरून मूळ संख्या काढता येते.

गिल जाळ्याचा तात्त्विक विचार रशियन शास्त्रज्ञ एफ. आय. बारानोव्ह यांनी १९१४ मध्ये केला. एकाच जातीचे लहान व मोठे मासे आकाराने परस्परांशी समरूप असतात. म्हणून आस दुप्पट मोठा केला, तर त्यात सर्वाधिक सापडणाऱ्या माशाची लांबीही दुप्पट होते, असे त्यांनी दाखविले. या साध्या नियमातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एकाच आसाच्या जाळ्यात एका विशिष्ट लांबीच्या आसपासचेच मासे सापडतात. त्याहून लहान मासे आरपार निघून जातात व त्याहून मोठ्यांचे डोके आत शिरत नाही. अशा जाळ्यातील मासे बहुतेक एकाच लांबीचे निघाले, तर तळ्यातील सर्व मासे तेवढेच आहेत असे नव्हे. ते जाळ्याचे प्रतिबिंब असते. म्हणून निरनिराळ्या आसांच्या पट्ट्या जोडलेले संमिश्र जाळे वापरण्याची व प्रत्येक आसाचा निवडकपणा स्वतंत्रपणे मोजण्याची प्रथा पडली. १९६० नंतरच्या दशकात या निवडकपणाच्या गणनेच्या अनेक रीती पुढे आल्या.

नॉरिस जलाशय : जलाशयातील पाहणीने प्रशासकीय निर्णय बदलल्याचे एक आरंभीचे उदाहरण अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाने क्लिंच नदीवर नॉरिस धरण बांधले; ते १९३६ मध्ये पूर्ण झाले. अशा जलाशयांत पहिल्या काही वर्षांच्या भरभराटीनंतर पातळीच्या चढउतारांमुळे मासे उरणार नाहीत व ती जैविक वाळवंटे ठरतील, अशी भीती त्या काळी व्यक्त केली जात होती. गळाने मासेमारी करणाऱ्यांवर प्रजननकाळात बंदी असे. आर. डब्ल्यू. एश्मायर व त्यांचे सहकारी यांनी जाळी लावून पाहण्या केल्या, माशांना खुणा केल्या आणि गळकऱ्यांनी नेलेल्या मासळीची नोंद ठेवली. शिकारीच्या माशांपैकी फारच थोडा भाग गळाला लागतो व उरलेले बहुतेक नैसर्गिक रीत्या मरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या मासळीच्या रक्षणासाठी बंदी होती, ती मासळी न पकडताच नाहीशी होत होती. १९४४ मध्ये नॉरिस जलाशय प्रयोगादाखल वर्षभर मासेमारीस खुला करण्यात आला. त्यामुळे साठ्याची हानी झाल्याचे आढळले नाही व पुढे इतरत्रही बंदीचे नियम शिथिल झाले. एफ. एक्स. शूमाकर व एश्मायर यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेली खूण-पुनर्पकडीची गणनारीत अद्यापि पाठ्यपुस्तकांत दिली जाते.

याच काळात अमेरिकेत दुसरी एक पद्धत रूढ झाली. जलाशयाचा एखादा फाटा जाळ्याने अडवून त्यातील पाण्यात रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष सोडीत व वर आलेले सर्व मासे वेचून मोजीत. जाळ्याच्या निवडकपणाचा दोष तीत नव्हता. परंतु त्या फाट्यातील सर्व मासे नष्ट होत आणि एका फाट्यावरून संपूर्ण जलाशयाविषयी बोलणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतच असे. या रीतीमुळे जाळ्यांच्या पकडी पडताळून पाहण्यास एक मापदंड मिळाला, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

नायलॉनचे आगमन : दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस व लिनन यांच्या धाग्यांऐवजी नायलॉनचा धागा जाळ्यांसाठी वापरात आला. तो बारीक, मजबूत, पाण्यात कमी दिसणारा व न कुजणारा होता. १९५० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत केलेल्या तुलनांमध्ये नायलॉनच्या गिल जाळ्यांत जुन्या जाळ्यांच्या दुप्पटतिप्पट मासे सापडले. मच्छीमारांना ही पर्वणी वाटली. पण पाहणीच्या दृष्टीने हा मोठा पेच होता. मासे होते तितकेच राहिले असताना पकड दुप्पट झाली होती. किंवा मासे निम्मे झाले असतानाही पकड पूर्वीइतकीच दिसत होती. जुन्या व नव्या जाळ्यांनी शेजारीशेजारी मासेमारी करून दोहोंतील गुणोत्तर जेथे काढून ठेवले गेले नाही, तेथे आधीच्या वर्षांच्या नोंदी तुलनेस निरुपयोगी ठरल्या. कित्येक जलाशयांतील मासळी टिकून असल्याचा समज हा वस्तुतः धागा बदलल्याचा परिणाम असू शकतो, हा धडा यातून मिळाला.

कारिबा : जाळ्यांद्वारे केलेल्या दीर्घकालीन पाहणीचे बोलके उदाहरण म्हणून आफ्रिकेतील कारिबा जलाशयाचा उल्लेख करता येईल. झँबीझी नदीवरील हे धरण डिसेंबर १९५८ मध्ये बंद करण्यात आले व १९६३ मध्ये जलाशय पूर्ण भरला. सुमारे ५,४०० चौ. किमी. क्षेत्राचा हा जलाशय आजच्या झांबिया व झिंबाब्वे या देशांच्या सीमेवर पसरला आहे. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या खोऱ्यातून टोंगा जमातीच्या सुमारे ५७,००० लोकांना उठविण्यात आले. नदीकाठची शेती गमावलेल्या या लोकांना मासेमारीचा व्यवसाय मिळावा, अशी योजना होती. गिल जाळी लावता यावीत म्हणून जलाशय भरण्यापूर्वी सुमारे ९५० चौ. किमी. क्षेत्रातील झाडी तोडून जाळण्यात आली.

आरंभी मासळी भरपूर मिळाली. परंतु १९६३-६४ नंतर उत्पन्न झपाट्याने उतरले व अनेकांनी हा व्यवसाय सोडला. त्याआधी, १९६२ च्या सुमारास, सॅल्व्हिनिया या तरंगत्या तणाने जलाशयाचा जवळजवळ पंचमांश पृष्ठभाग व्यापला होता व जाळी लावणेही अवघड झाले होते. मासळी जास्त मासेमारीने संपली की पाण्यातील पोषकद्रव्ये ओसरल्यामुळे कमी झाली, हा वाद सुरू झाला. झिंबाब्वेच्या बाजूस कारिबा येथील मत्स्यसंशोधन संस्थेने मासेमारीस बंद असलेल्या लेकसाइड या केंद्रावर संमिश्र गिल जाळी नियमितपणे लावण्याचा क्रम सुरू ठेवला. त्यांतील आस ३८ मिमी.पासून १७८ मिमी.पर्यंत अर्ध्या अर्ध्या इंचाच्या अंतराने वाढणारे होते. कित्येक दशके चाललेल्या या नोंदीतून काही महत्त्वाच्या गोष्टी हाती आल्या.

पहिली म्हणजे, मासेमारी मुळीच नसलेल्या ठिकाणीही पकड वर्षागणिक मोठ्या प्रमाणात बदलत होती. हे बदल जलाशयाच्या पातळीशी निगडित होते. पूर आला की नदीबरोबर पोषकद्रव्ये येत, काठावरील गवताळ जमीन बुडे व मासे वाढत. १९८० नंतरच्या दशकातील आणि १९९१-९२ मधील अवर्षणांत पातळी खूप उतरली व त्याचा परिणाम पकडीवर झाला. म्हणजे मासळीच्या घटीचा सर्व दोष मच्छीमारांच्या माथी मारणे योग्य नव्हते. दुसरी गोष्ट दोन्ही तीरांच्या तुलनेतून पुढे आली. झिंबाब्वेत मच्छीमारांची संख्या मर्यादित असे व लहान आसांच्या जाळ्यांना मज्जाव असे. झांबियात नियम कागदावरच राहिल्याने मच्छीमार खूपच अधिक होते व सर्व आसांची जाळी वापरली जात. झांबियाच्या बाजूस दर जाळ्यामागील पकड पुष्कळच कमी भरली. परंतु माशांच्या जातींचे व लांबींचे परस्परप्रमाण मासेमारी नसलेल्या क्षेत्राशी बरेचसे जुळणारे निघाले आणि एकूण उत्पन्न तर झिंबाब्वेपेक्षा अधिक होते. केवळ मोठेच मासे पकडावेत, या सर्वमान्य तत्त्वाविषयी या नोंदींनी गंभीर शंका उपस्थित केली. तथापि तेथे प्रत्येक मच्छीमाराच्या वाट्याला येणारी मासळी तुटपुंजी होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. आस लहान ठेवावा की मोठा, हा प्रश्न माशांपुरता मर्यादित नसून मासळी किती लोकांत वाटली जावी, या प्रश्नाशी जोडलेला आहे.

कारिबाने पद्धतीची मर्यादाही दाखवून दिली. १९६७-६८ मध्ये टांगानिका सरोवरातून आणून सोडलेला कापेंटा हा काही सेंमी. लांबीचा मासा खुल्या पाण्यात भराभर वाढला. १९७३ पासून रात्री दिव्याच्या प्रकाशाकडे आकर्षित करून उचल-जाळ्यांनी त्याची मासेमारी होऊ लागली आणि तिचे उत्पन्न काठावरील मासेमारीहून कितीतरी अधिक झाले. काठालगत लावलेल्या ३८ मिमी. व त्याहून मोठ्या आसांच्या जाळ्यांना या माशाचा पत्ताही लागणे शक्य नव्हते. जाळ्यात जे सापडत नाही ते पाण्यात नाही, असे मानता येत नाही.

श्रीलंका : अशीच दुर्लक्षित मासळी श्रीलंकेतील जुन्या सिंचन-तलावांत चाचणी-जाळ्यांमुळे उजेडात आली. बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहू राजाने बांधविलेला पोलोन्नरुव येथील पराक्रम समुद्र हा तलाव त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. १९५० नंतरच्या दशकात आणलेल्या तिलापियावर तेथील मासेमारी उभी राहिली व या माशाच्या पिलांच्या रक्षणासाठी ८·५ सेंमी.हून लहान ताणलेल्या आसाच्या गिल जाळ्यांना बंदी घालण्यात आली. १९८० नंतरच्या दशकात बारीक आसांच्या संमिश्र जाळ्यांनी केलेल्या चाचण्यांत स्थानिक लहान जातींच्या कार्पवर्गीय माशांचा मोठा साठा कोणी न पकडता पडून असल्याचे दिसून आले. तिलापियाची पिले काठाच्या उथळ पाण्यात राहतात. त्यामुळे काठापासून दूर व योग्य आसाची जाळी लावल्यास त्यांना फारसा धोका न पोहोचता हे लहान मासे पकडता येतात, असेही निष्पन्न झाले. सरसकट बंदीऐवजी जागा, वेळ व आस यांनुसार सवलत देण्यास यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

प्रमाणीकरण : प्रत्येक संस्था आपापले जाळे वापरीत असल्याने दोन देशांच्या पकडींची तुलना होऊ शकत नसे. स्वीडनमध्ये ड्रॉटनिंगहोल्म येथील गोड्या पाण्याच्या संशोधन संस्थेने संमिश्र जाळ्यांवर दीर्घ काळ काम केले. आम्लवर्षेमुळे तेथील हजारो सरोवरांतील मासे संकटात आले असल्याने चुनखडी टाकून उपाय केल्यावर मासे परततात की नाही, हे पाहण्याची निकड होती. या कामातून निर्माण झालेले नॉर्डिक जाळे २००५ मध्ये यूरोपीय मानक म्हणून स्वीकारले गेले. सर्व पाणसाठ्यांची परिस्थितिवैज्ञानिक स्थिती तपासण्याचे बंधन यूरोपीय संघाने २००० मध्ये सदस्य देशांवर घातले होते, हेही यामागील एक कारण होय.

तळाशी लावावयाचे नॉर्डिक जाळे ३० मी. लांब व १·५ मी. उंच असून त्यात प्रत्येकी २·५ मी. लांबीच्या १२ पट्ट्या असतात. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत मोजलेले त्यांचे आस ५, ६·२५, ८, १०, १२·५, १५·५, १९·५, २४, २९, ३५, ४३ व ५५ मिमी. असतात, म्हणजे प्रत्येक आस मागील आसाच्या सुमारे सव्वापट असतो. बारानोव्ह यांच्या नियमाला अनुसरून ही भूमितीय श्रेणी घेतली आहे. पट्ट्यांचा क्रम मात्र मुद्दाम विस्कळीत ठेवतात. जलाशयाचे खोलीनुसार थर पाडून प्रत्येक थरात यदृच्छया निवडलेल्या जागी संध्याकाळी जाळी लावतात व सकाळी काढतात. लहान, उथळ तळ्यास ८ जाळी पुरतात. मोठ्या व खोल जलाशयास ६० हूनही अधिक लागतात. प्रत्येक मासा कोणत्या पट्टीत सापडला ते नोंदवून त्याची लांबी व वजन घेतात. वयासाठी खवले वा कर्णास्थी काढून त्यांवरील वलये मोजतात. निष्कर्ष दर जाळ्यामागे एका रात्रीत मिळालेले मासे असा मांडतात. यालाच प्रतिएकक प्रयत्नाची पकड म्हणतात. ही संख्या निरपेक्ष नसून तुलनात्मक असते.

हे मानकही निर्दोष नाही. चेक प्रजासत्ताकातील ऱ्झिमोव्ह या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात गिल जाळी, वेढा-जाळी व ओढ-जाळी यांची तुलना करण्यात आली. काटेरी पर असलेले पर्च कुळातील मासे गिल जाळ्यात प्रमाणाबाहेर अडकतात, अगदी लहान पिले फारशी सापडत नाहीत आणि ५५ मिमी.हून मोठा आस नसल्याने मोठे ब्रीम मासे निसटतात, असे चेक संशोधकांना आढळले. म्हणून ७० ते १३५ मिमी. आसांच्या जास्तीच्या पट्ट्या त्यांनी वापरात आणल्या. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. कारण तळ उकरणारे व सूक्ष्म प्राणी खाणारे मासे वाढले की पाण्यात शैवले माजतात व शुद्धीकरणाचा खर्च वाढतो.

भारत : १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने विष व स्फोटके वापरून मासे मारणे गुन्हा ठरविला व जाळ्यांचे प्रकार आणि मापे यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. विषाच्या पद्धतीला येथे वाव नसल्याने जलाशयांची पाहणी जाळी व उतरलेल्या मासळीची नोंद यांवरच आधारलेली राहिली. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेत्तूर धरणाच्या जलाशयात मासेमारीचा विकास लवकर झाला व तेथे रंगून जाळे या नावाचे गिल जाळे रूढ झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या व बराकपूर येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने स्वातंत्र्योत्तर काळात बांधलेल्या धरणांकडे लक्ष वळविले. तुंगभद्रा जलाशयाचा तिने केलेल्या पाहणीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. या जलाशयात अलिवी नावाचे प्रचंड ओढ-जाळे वापरले जाई. बारीक आसामुळे त्यात लहानमोठे सर्व मासे सापडत व किमती माशांची पिले नष्ट होतात, असा आक्षेप त्यावर घेतला जाई. जे जाळे कोणत्याही आकाराच्या माशाला वगळीत नाही ते पाहणीस उत्तम, पण रोजच्या मासेमारीस धोक्याचे, हा विरोध येथे स्पष्ट दिसतो.

जलाशयांच्या परिस्थितिविज्ञानाची व मत्स्योद्योगाची अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना १९७१ मध्ये सुरू झाली. तीत भवानीसागर, नागार्जुनसागर, रिहांद, गेतलसूद व गोविंदसागर या जलाशयांचा समावेश होता. यांपैकी भाक्रा धरणामागील गोविंदसागराची कहाणी उद्बोधक आहे. १९७१ मध्ये पुराच्या पाण्याबरोबर चंदेरा (सिल्व्हर कार्प) हा चिनी मासा एका मत्स्यक्षेत्रातून या जलाशयात शिरला. सहकारी संस्थांमार्फत उतरणाऱ्या मासळीची जातवार नोंद ठेवण्याची पद्धत तेथे असल्याने त्याची वाढ व त्याच्याशी अन्नासाठी स्पर्धा करणाऱ्या कटल्याची घट वर्षवार पाहता आली. १९८० नंतरच्या दशकात एकूण पकडीत निम्म्याहून अधिक वाटा चंदेऱ्याचा झाला होता.

महाराष्ट्रात भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयात पुढे तिलापिया हा मासा पकडीत प्रमुख ठरला. नदीतील मूळच्या जातींचा वाटा घटला आणि बारीक आसाच्या जाळ्यांनी पिले पकडली जाण्याविषयी तक्रारी वाढल्या. अशा ठिकाणी व्यापारी पकडीचे आकडे एकटे पुरत नाहीत. मच्छीमार जी मासळी विकली जाते तिच्यामागे जातो. न विकल्या जाणाऱ्या लहान जाती नोंदीत येतच नाहीत व त्या नष्ट झाल्या तरी कोणाच्या ध्यानी येत नाही.

व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार भारतात १९,३७० जलाशय असून त्यांचे क्षेत्र सुमारे ३१·५ लाख हे. होते. १,००० हेक्टरांहून लहान जलाशयांचे सरासरी वार्षिक उत्पन्न दर हेक्टरी सुमारे ५० किग्रॅ., तर मध्यम व मोठ्या जलाशयांचे ११ ते १२ किग्रॅ. भरले. एवढ्या मोठ्या संख्येतील फारच थोड्या जलाशयांत प्रमाणित जाळ्यांनी सलग पाहणी झालेली आहे.

मर्यादा व नवी साधने : गिल जाळे हे स्थिर असते, मासा चालून आला तरच सापडतो. त्यामुळे थंडीत मासे मंदावले, चांदण्यात वा स्वच्छ पाण्यात जाळे दिसू लागले, की मासे तेवढेच असूनही पकड घटते. जाळे बरेच भरले की त्यात आणखी मासे शिरत नाहीत. खोल जलाशयांत उन्हाळ्यात तळाकडील पाण्यात ऑक्सिजन उरत नाही; तेथे लावलेली जाळी रिकामी येतात व सरासरी चुकवितात. म्हणून पाहणी दरवर्षी त्याच ऋतूत, पाण्याची पातळी व तापमान नोंदवून केली जाते. दुर्मीळ जातींच्या बाबतीत पाहणीच माशांच्या नाशाला हातभार लावीत असल्याने तेथे सापळा-जाळी पसंत करतात किंवा गिल जाळी थोडाच वेळ ठेवून मासे सोडून देतात.

ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून मासे मोजण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले. पाण्यात मिसळलेल्या डीएनएवरून जाती ओळखण्याचे तंत्र एकविसाव्या शतकात वापरात आले. पहिल्याने संख्या व आकारमान यांचा अंदाज येतो, पण जात निश्चित कळत नाही; दुसऱ्याने जात कळते, पण माशांचे वय, लांबी वा प्रकृती कळत नाही. ही माहिती मिळविण्यासाठी मासा हाती यावा लागतो. त्यामुळे नवी साधने जाळ्याला पूरक ठरली असली, तरी त्याची जागा त्यांनी घेतलेली नाही. काठावरचा अनुभवी मच्छीमार कोणत्या महिन्यात कोणता मासा कोठे असतो, हे जाणून असतो. त्याच्या सहभागाने व ठराविक जाळ्यांनी केलेली सलग नोंद हीच जलाशयाच्या व्यवस्थापनाला आधारभूत ठरते. एका वर्षाची पकड फारसे काही सांगत नाही. तिचे मोल पुढच्या व त्यापुढच्या वर्षीच्या पकडीने वाढत जाते.